चित्रावरून चेंबर म्युझिक रचताना या चुका टाळा

व्हॅन गॉगचे ‘तारांकित रात्र’ (1889) समोर ठेवून स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीची रचना) लिहायला बसलेला नवा रचनाकार बहुधा चित्रातील वस्तू वाद्यांना वाटून देतो : सायप्रसचे झाड चेलोला, तारे पहिल्या व्हायोलिनला, झोपलेले गाव व्हायोलाला. असे केले की चारही वाद्ये आपापले काम करत राहतात आणि ज्या आपसांतल्या संवादावर चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत, जगते, तो संवादच बंद पडतो. वस्तूंपेक्षा त्यांच्यामधले नाते उचलावे. फ्रेंच रचनाकार आंरी द्युतियो यांनी याच चित्रावरून 1978 साली सादर झालेली वाद्यवृंदरचना लिहिताना व्हायोलिन आणि व्हायोला सरळ वगळले. त्यामुळे वरची सुषिर वाद्ये आणि खालचे चेलो व डबल बेस यांच्यामध्ये जी पोकळी राहिली, तिच्यातून आकाश आणि जमीन यांच्यातले अंतर ऐकू येते. क्वार्टेटमध्येही हे साधते. पहिले व्हायोलिन अगदी वरच्या स्वरांत आणि चेलो खर्जात ठेवून मधली दोन वाद्ये काही बार (ठरावीक मात्रांचे गट) गप्प ठेवून पाहावीत.

दुसरी चूक रंगांची. निळ्याला अमुक स्वर, पिवळ्याला तमुक, असा तक्ता करून कोणतीही रचना उभी राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रशियन रचनाकार राखमानिनोव्ह यांनी चित्रकार बोकलिनचे ‘मृतांचे बेट’ हे चित्र आधी कृष्णधवल प्रतीतच पाहिले होते, आणि 1909 मध्ये प्रथम सादर झालेली त्यांची त्यावरची रचना उभी आहे ती पाच मात्रांच्या, कधी दोन-तीन तर कधी तीन-दोन अशा विभागलेल्या लयीवर, जिच्यात वल्ह्यांची ओढ जाणवते. झपताल ऐकत वाढलेल्या कानाला ही असम चाल चटकन उमगेल. चित्र स्थिर असते. त्यातली कोणती हालचाल काळात उलगडायची, हे पहिला स्वर लिहिण्याआधी ठरवावे लागते.

रचना दोन-तीन मिनिटांतच रेंगाळू लागली, तर बहुतेक वेळा तिच्यात ट्रेमोलो (एकच स्वर झपाट्याने थरथरता वाजवणे), हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले बारीक स्वर) आणि म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेले लांब स्वर एवढे वातावरणच असते, पुढे नेण्याजोगा आकृतिबंध नसतो. अशा वेळी चित्रातल्या आकाशातला एखादा भोवरा घेऊन त्याची चार स्वरांची वळणदार आकृती करावी, ती दुसऱ्या व्हायोलिनकडून व्हायोलाकडे द्यावी, आणि आधीची संपण्यापूर्वीच पुढची सुरू करावी. वाढ आपोआप होत नाही, पण तिला निदान धागा मिळतो.

वादकांच्या मागे पडद्यावर चित्र दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण डोळा गुंतला की कान मागे पडतो आणि रचनेतली कमजोर जागा लपून राहते. रशियन रचनाकार मुसोर्गस्की यांनी 1874 साली ज्या प्रदर्शनावरून पियानोसाठी चित्रमालिका रचली, त्यातली त्यांचे मित्र हार्टमान यांची बहुतेक चित्रे आज उपलब्ध नाहीत, तरीही ते संगीत जगभर वाजते. म्हणून पहिल्या तालमीत वादकांना चित्राचे नाव सांगू नये. कुठे ओढ लागते आणि कुठे लक्ष सुटते एवढेच विचारावे, आणि लक्ष सुटते तिथले बार आधी दुरुस्त करावेत.