यंत्रशाळेत कोणते कौशल्य उत्पादन वाढवते, हे कसे ओळखावे

कामगारांना कोणते प्रशिक्षण द्यावे हे ठरवण्यापूर्वी माल नेमका कुठे तुंबतो ते पाहावे, कारण जिथे काम अडते तिथलेच कौशल्य एकूण उत्पादन ठरवते. इतरत्र वाढवलेला वेग केवळ अर्धवट मालाचा ढीग वाढवतो. समजा, सीएनसी लेथपाशी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कातणाऱ्या यंत्रापाशी, माल साचतो. तिथे यंत्र कधी व का थांबले, म्हणजे सेटिंगसाठी (पुढच्या कामासाठी यंत्र जुळवण्यासाठी), टूलची (कापणाऱ्या हत्याराची) वाट पाहताना की पहिल्या नगाच्या तपासणीसाठी, याची नोंद काही आठवडे ऑपरेटरनेच ठेवावी. पर्यवेक्षकाने भरलेल्या वहीत खरी कारणे क्वचितच उतरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग एकाच जॉबचे (घडवायच्या नगाच्या कामाचे) सेटिंग दोन सेटरांकडून करवून घेऊन वेळ मोजावा. एकजण जॉज (नग पकडणारे जबडे), टूल आणि मायक्रोमीटर आधीचा जॉब चालू असतानाच मांडून ठेवतो, तर दुसरा यंत्र थांबल्यावर शोधाशोध सुरू करतो, असे दिसले तर शिकवायचे कौशल्य पूर्वतयारीचे आहे. सेटिंगचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणण्याची जपानच्या शिगेओ शिंगो यांची पद्धतही यंत्र चालू असताना करता येणारी कामे आणि यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे यांच्या याच विभागणीवर उभी आहे. दोघांनाही सारखाच उशीर होत असेल, तर आधी टूलची उपलब्धता तपासावी आणि प्रशिक्षणाचा खर्च थांबवावा.