मोठ्या अपघातानंतर पुन्हा सर्किटवर

डॉक्टर ‘हाड जुळलं’ म्हणाले म्हणून लगेच रेसला नाव देऊ नका. माझा खांदा आणि उजवा घोटा दोन्ही मोडले होते, म्हणून सांगतो: आधी बाइक स्टँडवर लावा, पूर्ण लेदर सूट चढवून बसा आणि ब्रेकिंगला येतो तसा अंगाचा भार दोन्ही हँडलवर टाका. खांदा कुठे कळ देतो, ते तिथेच समजतं. डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत यातलं काहीच नको.

हेल्मेट नवीनच घ्या. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की परत फुगत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही. इथे काटकसर करू नका, अगदी कळकळीने सांगतोय.

घोटा नीट वाकत नसेल, तर मागचा ब्रेक डाव्या हाताच्या अंगठ्यावर घेता येतो. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या असेन सर्किटवर पडून ऑस्ट्रेलियन रेसर मिक डूहनचा पाय जायची वेळ आली होती. पुढे अंगठ्याचा ब्रेक वापरून त्याने १९९४ ते १९९८ सलग पाच विश्वविजेतेपदं मिळवली.

पहिल्यांदा ट्रॅक डेलाच जा, म्हणजे शर्यत नसते, नुसतं सर्किटवर चालवायचं असतं. सगळ्यात संथ गट, लॅप टायमर काढून. पडलात त्या वळणावर नजर हमखास त्याच जागेकडे ओढली जाते आणि बाइक नजरेमागे जाते. म्हणून ब्रेक सोडण्याआधी एपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, शोधा; एपेक्सला पोचण्याआधी बाहेर पडायची कड. ब्रेकही थोडा आधीच लावा. श्वास रोखला जातोय असं जाणवलं, तर हात वर करून सरळ पिटमध्ये या.