ठोसा लागल्यावरचा पहिला श्वास

दोन महिन्यांपूर्वी आमच्या मांगरात, म्हणजे बॉक्सिंग शिकवतो त्या जुन्या खोपीत, सतरा वर्षांच्या एका मुलीने पहिल्यांदा स्पारिंग केलं, म्हणजे जोडीदारासमोर सरावाची लढत. बॅगवर ती अशी मारायची की वरची साखळी खणखणायची आणि रस्त्याने जाणारे दारातून डोकावायचे. स्पारिंगच्या पहिल्याच मिनिटात समोरच्या पोराचा साधा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तिच्या कपाळावर टेकला आणि त्यानंतर तिचा एकही ठोसा धड सुटला नाही. राउंड संपल्यावर हेडगार्ड काढून ती चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "दादानू, माका कायच येणा नाय."

तिला सगळं येत होतं. त्या एका ठोशानंतर तिने श्वास कोंडून धरला होता, तो जवळजवळ अर्धा मिनिट सोडलाच नाही. मी बाहेरून बघत होतो, तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

मी मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो आणि संध्याकाळी साडेसहानंतर जाळी ठेवायच्या जुन्या मांगरात पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. स्वतः बारा वर्षं अमॅच्युअर खेळलो. जॅब कसा मारायचा हे शिकवणारे भेटतात. लागल्यावर मनाचं काय करायचं हे मला मात्र फार उशिरा कळलं. म्हणून हे लिहितोय. पहिल्यांदा किंवा पाचव्यांदा स्पारिंगला उभं राहणाऱ्यासाठी, आणि त्याला उभं करणाऱ्यासाठीही.

आधी भीतीचं. स्पारिंगच्या दिवशी दुपारपासून पोटात कालवतं, हात गार पडतात, सारखं लघवीला जावंसं वाटतं, जांभया येतात. जांभई देणाऱ्या पोराला आळशी समजू नका, पुष्कळदा तो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो. हे सगळं अॅड्रेनालिनचं काम आहे. शरीर पळायला किंवा लढायला तयार होतंय, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातंय, म्हणून बोटं गार. मोठमोठ्या बॉक्सरांनाही हे होतं. त्यामुळे "घाबरू नको" असं मी कुणाला सांगत नाही. भीती वाटते तर तोंडाने म्हणायचं, "माका भीती वाटता." आमच्याकडे हे बोलायला कुणी लाजत नाही, कारण पहिल्यांदा मीच बोलतो.

मग हात बांधायला घ्यायचे. साडेचार मीटरची पट्टी असते, ती घाईत गुंडाळायची नाही. प्रत्येक वेढ्याला नाकाने श्वास आत, मनात चार आकडे. मग सहा आकड्यांपर्यंत हळू बाहेर. बाहेर सोडणं लांब ठेवलं की छातीची धडधड उतरायला लागते. दोन्ही हात होईपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात डोकं बऱ्यापैकी जागेवर येतं. त्यानंतर दोरीच्या उड्या आणि शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणं), अंगाला चांगला घाम येईपर्यंत. कोरड्या, थंड अंगाने रिंगमध्ये कधी जाऊ नका. बसून वाट बघणाऱ्याची भीती वाढत जाते.

आता जोडीदाराशी बोलणी. मी याला सगळ्यात महत्त्व देतो. घंटा वाजायच्या आधी दोघांनी समोरासमोर उभं राहून ठरवायचं: आज जोर किती? आमचं माप आण्यांचं आहे. चार आणे म्हणजे ग्लोव्ह टेकल्याचं कळेल एवढंच. आठ आणे म्हणजे लागेल, पण डोकं हलणार नाही. बारा आण्यांचं स्पारिंग स्पर्धेच्या तयारीत आणि तेही क्वचित. सोळा आणे मांगरात कधीच नाही. नवीन आलेल्याने पहिले तीन महिने चार आण्यांच्या वर जायचं नाही, मग तो कितीही दांडगा असो. ग्लोव्ह सोळा औंसाचे, म्हणजे एकेक साधारण साडेचारशे ग्रॅमचा.

ठरवूनही जोर वाढतो. यात नेहमी खोट असते असं नाही. आपण स्वतः लावलेला जोर आपल्या मेंदूला कमी जाणवतो आणि दुसऱ्याचा आहे तेवढा पूर्ण जाणवतो. म्हणून "त्याने मारला तेवढाच मारला" असं दोघंही प्रामाणिकपणे म्हणतात आणि दीड मिनिटात चार आण्यांचे बारा झालेले असतात. पावसाळ्यात तर मी फार लक्ष ठेवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ट्रॉलरवरची पोरं मोकळी असतात, मांगर भरून जातो. जाळी ओढून ओढून खांदे झालेल्या पोराचे चार आणे दुसऱ्याचे आठ असतात, हे त्याला सांगावं लागतं. उपाय एकच: ज्याला जास्त लागलं त्याने लगेच बोलायचं. "आठ आणे झाले." एवढंच. समोरच्याने "बरं" म्हणायचं आणि कमी करायचं. वाद नाही, खुलासा नाही. परत जोरात मारून सांगायचं नाही.

रिंगमध्ये जाताना प्रत्येक राउंडला एकच काम घेऊन जा. "आज त्याला हरवायचं" हे काम नव्हे. स्पर्धेत जज राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ असे गुण लिहितात, मांगरात कुणी काही लिहीत नाही. काम असं हवं की झालं की नाही हे बाहेरच्याला बघून सांगता येईल: प्रत्येक जॅबनंतर डोकं जागेवरून हलवणं, किंवा दोरीला पाठ लागली की डावीकडूनच निघणं. आमची रिंग लहान आहे, कशीबशी चार मीटर, तेव्हा दोरीला पाठ लवकरच लागते. त्याचा फायदाच करून घेतो. स्पर्धेची रिंग आतून सहा मीटरच्या थोडी वर असते, तिथे गेल्यावर पोरांना मैदानात आल्यासारखं वाटतं.

काम ठरलेलं असलं की मार खाऊनही राउंड फुकट जात नाही. लॅरी होम्स हा अमेरिकन बॉक्सर काही वर्षं मुहम्मद अलीचा स्पारिंग पार्टनर होता. रोज त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याचे ठोसे झेलायचे, हीच त्याची नोकरी. १९८० साली त्याच होम्सने अलीला हरवलं. तोपर्यंत अलीचं वय झालं होतं हे खरं, पण मी पोरांना होम्सची ती आधीची वर्षं सांगतो.

आता तो क्षण. ठोसा लागतो तेव्हा चार गोष्टी एकदम होतात: डोळे मिटतात, श्वास अडकतो, पाय थांबतात आणि तोंड बाजूला वळतं. तोंड वळणं सगळ्यात वाईट, कारण पुढचा ठोसा दिसतच नाही. आमच्या बहुतेक पोरांची घरं समुद्रावरची, त्यांना मी होडीचंच सांगतो. लाट अंगावर येताना होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिच्याकडेच ठेवायची. भिऊन होडी आडवी घातली की उलटी होणार. चेहराही तसाच, हनुवटी खाली आणि नजर समोरच्याच्या छातीवर.

हे बोलून येत नाही, त्याला सराव लागतो. जोडीदाराने तुमच्या कपाळाला आणि गार्डला, म्हणजे तोंडासमोर धरलेल्या हातांना, ग्लोव्ह हलकेच टेकवायचा, पन्नास वेळा, वेगवेगळ्या लयीत. तुम्ही मारायचं नाही. प्रत्येक टेकण्याला दात माऊथगार्डवर घट्ट आणि नाकाने "श्श" असा श्वास बाहेर. तोंड उघडून श्वास सोडू नका, उघड्या जबड्यावर ठोसा बसला तर जबड्याला मोठी इजा होते. तिसऱ्या माणसाने समोर बसून डोळे किती वेळा मिटले ते मोजायचं. पहिल्या दिवशी पन्नासातले चाळीस मिटतात. पापणी लवणं पूर्ण थांबत नाही आणि थांबायची गरजही नाही. ती लगेच उघडली पाहिजे. दोन आठवडे हे रोज करा. मग पुढची पायरी: त्याचा एक जॅब, तुमचा श्वास, तुमचा एक जॅब. कितीही हळू चालेल, पण क्रम मोडायचा नाही. लागल्यावर पहिलं काम श्वास, दुसरं गार्ड, तिसरं पाय. ठोसा त्यानंतर.

त्या वेळी मनात एखादा शब्द असावा. लांब वाक्य तिथे टिकत नाही. माझा शब्द "हां" आहे. लागला, हां, कळलं, पुढे. तुमचा तुम्ही शोधा.

काहींना राग येतो. राग आला की ठोसा लांबून, बाहेरून फिरून येतो, हनुवटी वर जाते आणि मधली वाट उघडी पडते. अशा पोराला मी पुढचे तीस सेकंद फक्त जॅब मारायला सांगतो, सरळ. सरळ ठोसा रागाने मारणं अवघड आहे.

लाज त्याहून जड. मार लागला की पोरगं पहिल्यांदा कडेला बघतं: कुणी बघितलं? आमच्यासारख्या गावात बघणारे म्हणजे चुलत भाऊ, वर्गातली मुलं, बाजारात आईला भेटणारी माणसं. म्हणून स्पारिंगच्या वेळी दार बंद असतं आणि कुणीही दुसऱ्याचा व्हिडिओ काढत नाही. स्वतःला बघायचं असेल तर स्वतःचा फोन, आणि तो व्हिडिओ तिथेच बघायचा, पाठवायचा नाही. या नियमावर माझ्याशी दोन पालक भांडले. मी तो बदललेला नाही.

राउंडच्या मधला मिनिट. पहिले वीस सेकंद कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही, फक्त श्वास. मग मी एकच गोष्ट सांगतो. कोपऱ्यात उभे राहून पाच जण ओरडत असतील तर पोराच्या डोक्यात काहीच शिरत नाही.

आता डोक्याचं, आणि हे नीट वाचा. एकोणीस वर्षांचा असताना स्पारिंगमध्ये मला एक हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, कानाच्या वर बसला. पडलो नाही. संध्याकाळी डोकं ठणकत होतं, उजेड सहन होत नव्हता, घरी आईने वाढलेली पेज उलटून पडली. मी कुणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी परत उतरलो, कारण तेव्हाच्या शिकवणाऱ्याने माघार घेणाऱ्याला सगळ्यांसमोर नावं ठेवलेली मी ऐकली होती. त्यानंतर तीन आठवडे डोकं दुखत राहिलं, वाचलेलं लक्षात राहीना. माझं नशीब की तेवढ्यावर निभावलं. मेंदू एका धक्क्यातून सावरत असताना दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून: डोकेदुखी, मळमळ, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, तोल जाणं, राउंड आठवत नसणं, विचित्र झोप येणं, यातलं एकही असेल तर स्पारिंग तिथेच बंद आणि डॉक्टरांकडे. त्या रात्री एकटं राहायचं नाही. हेडगार्डने कातडी फाटणं, सूज येणं कमी होतं. आतला मेंदू हलायचा थांबत नाही. स्पर्धेत डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्या बॉक्सरला नियमाने निदान तीस दिवस बाहेर बसवतात आणि त्या दिवसांत स्पारिंगलाही बंदी असते. मांगरात नॉकआउट झाला तर वेगळा मेंदू नसतो, तोच हिशोब लावा. "माझं डोकं दुखतंय" हे सगळ्यांसमोर म्हणणं एकोणिसाव्या वर्षी मला जमलं नाही. ते आता मी पोरांकडून म्हणवून घेतो, दर स्पारिंगनंतर, एकेकाला विचारून, डोळ्यांत बघून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून पुन्हा विचारतो.

स्पारिंग झाल्यावर लगेच निकाल लावू नका. अंग तापलेलं असतं, तेव्हा केलेला हिशोब चुकतो. आधी पाणी, कपडे बदलणं, थोडं चालणं. आम्ही बंदरावर जाऊन येतो. मग घरी वहीत तीन ओळी: काम कोणतं होतं, किती वेळा झालं, लागल्यावर पहिल्यांदा काय केलं. रात्री पडल्यावर तो ठोसा डोळ्यांसमोर परत परत येणारच. येऊ द्या, पण पुढचा श्वास आणि पुढचं पाऊलही त्यात जोडा, सावकाश, तीन-चार वेळा. मग झोपा.

ती मुलगी आठवडाभर आली नव्हती. मी बोलवायला गेलो नाही; तिच्या मैत्रिणीकडून एवढंच कळवलं की पन्नास टेकण्यांचा सराव सोमवारी आहे. ती सोमवारी आली, त्यानंतर रोज. परवा तिने त्याच पोराबरोबर तीन मिनिटांचा एक राउंड केला. दुसऱ्या मिनिटाला तिला नाकावर एक बसला आणि भिंतीपाशी मला स्पष्ट ऐकू आलं, "श्श". मग तिचा जॅब गेला. लागला नाही, पण सरळ गेला.

काल तिने वही दाखवली. "नऊ लागले. पाच वेळा डोळे उघडे. एकदा आठ आणे झाले म्हणून सांगितलं." पुढचा महिनाभर तिचे चार आणेच ठेवणार आहे.