टेकऑफची परवानगी मिळाली असं ‘वाटतंय’? या चुका टाळा

पायलट आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) यांच्यातला घोळ क्वचितच ऐकू न आल्यामुळे होतो. ऐकू आलेलं असतं, पण ज्याची वाट पाहत बसलोय तेच ऐकलं असं वाटतं. त्यातून निघायला उशीर झालेला असला, ड्युटीचे तास संपत आलेले असले, की मग विचारूच नका. बारामती-गोंदियाकडे आरटीआरची, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याची, तयारी करणारी मुलं यावरचे नियम घोकून पाठ करतात. त्यातले काही नियम कशामुळे आले, हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मार्गाच्या क्लिअरन्सला उड्डाणाची परवानगी समजणं. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला तयार उभं होतं आणि पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं ७४७ त्याच धावपट्टीवर टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून हळू चालत, होतं. कंट्रोलरने केएलएमला उड्डाणानंतर किती उंची गाठायची, कुठे वळायचं ते सांगितलं. या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता, टेकऑफची परवानगी नव्हती. को-पायलटने रीडबॅक दिला, म्हणजे ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवली, आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरला वाटलं, तयार उभे आहेत. विमान तर हललंही होतं.

कंट्रोलर म्हणाला ‘ओके’, मग जरा थांबून ‘स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू’. त्याच क्षणी पॅन ॲमने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं कळवलं. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर कर्कश शिट्टी वाजली, पुढचं नीट कळलंच नाही. दोन्ही विमानं आदळली. ५८३ माणसं गेली.

म्हणून आता ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. आणि ‘ओके’ची सवय तर पहिल्या दिवसापासून मोडा.

रीडबॅक बरोबर दिला म्हणजे काम झालं, ही दुसरी समजूत. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावरून जपानी तटरक्षक दलाचं विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरने सांगितलं : नंबर वन, होल्डिंग पॉइंट (धावपट्टीच्या अलीकडे थांबायची रेघ) सी-५ पर्यंत टॅक्सी करा. रीडबॅक अचूक आला. तरी विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं, कारण कॅप्टनला उड्डाणाची परवानगी मिळाल्यासारखं वाटलं होतं. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर आदळलं. त्यातले ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाच्या ६ पैकी ५ जण नाही. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिला, एवढंच. तोंडाने पोपटासारखं बोलताना डोळे चार्टवर, म्हणजे विमानतळाच्या नकाशावर हवेत : ही रेघ ओलांडायची की तिच्याअलीकडे थांबायचं?

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण रोजच्या आहेत. रेडिओचं बटण दाबता दाबताच बोलायला लागलं की पहिला शब्द, म्हणजे नेमका कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), कापला जातो, क्षणभर थांबा. कॉलसाइन अर्धा तोडून सांगू नका, फ्रिक्वेन्सीवर मिळतेजुळते आकडे असतील तर मुळीच नको. दोघं एकदम बोलले तर ‘पोचलं असेल’ असं धरू नका, पुन्हा विचारा.

विचारायला संकोच वाटतो, हे मात्र खरं दुखणं. टेनेरीफचा कॅप्टन केएलएममध्ये ७४७ च्या पायलटांना शिकवणारा. क्लिअरन्सआधीच त्याने थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारे दांडे) पुढे केले तेव्हा को-पायलटने त्याला थांबवलं होतं. दुसऱ्यांदा तो थांबवू शकला नाही. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे ‘झालं’ म्हणाला आणि विषय संपला. अशा वेळी उत्तर कॅप्टनकडे नसतं, टॉवरकडे असतं. तेव्हा ट्रान्समिट करा : ‘कन्फर्म क्लिअर्ड फॉर टेकऑफ?’ कंट्रोलर वैतागला तर वैतागू दे.