आधी मूड, मग वजन: व्यायाम टिकवायचा कसा

वजन उतरवायचं म्हणून व्यायाम सुरू करणारी बरीच माणसं महिनाभरात थांबतात. आळशीपणामुळे थांबणारे त्यात फार थोडे असतात. रोज घाम गाळूनही काटा हलत नाही, मग ज्यासाठी एवढा खटाटोप तेच होत नसेल तर कशाला करायचं, असं वाटायला लागतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून आलेल्या, 'आधी वजन कमी करा' हे डॉक्टरांकडून ऐकून आलेल्या माणसांमध्ये माझा दिवस जातो. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते की, पहिले दोन महिने व्यायाम मूडसाठी करा, वजनाचं नंतर बघू. वजन उतरतं, पण सावकाश. मनावरचा ताण मात्र बऱ्याचदा त्याच दिवशी हलका होतो, आणि आज बरं वाटलं तरच माणूस उद्या बूट घालतो.

आधी वजनाचा हिशेब उघडपणे मांडते, म्हणजे अपेक्षा जागेवर येतील. 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर साधारण 140 कॅलरी खर्च होतात. त्यातल्या तीसेक तो नुसता बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे खाणं जसंच्या तसं ठेवून रोज अर्धा तास चाललं, तर एक किलो चरबी उतरायला कागदावरच सत्तर दिवस लागतात. प्रत्यक्षात शरीर आणखी काटकसर करतं. 2012 साली मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारी ही माणसं दिवसभर पायांवर असतात. तरीही शरीराचं आकारमान हिशेबात धरल्यावर त्यांचा खर्च शहरी पाश्चात्त्य माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे खर्च आवरतं, असा अर्थ पाँट्झर लावतात.

मग वजनासाठी व्यायामाचा उपयोग काय? खूप आहे, फक्त तो वेगळ्या ठिकाणी आहे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, व्यायाम ते बऱ्याच अंशी वाचवतो. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी काटा हलला नाही तरी व्यायामाने कमी होऊ शकते. आणि उतरलेलं वजन परत चढू न देणं, हे त्याचं सगळ्यात मोठं काम. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालवली गेली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची. किमान 13.6 किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची तिच्यात नोंद झाली. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करत, आणि त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम साधं चालणं हा होता.

आता मूडकडे. व्यायामाने एंडॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं शरीरातलंच द्रव्य, वाढतं एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, म्हणून संशोधकांचं लक्ष आता एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या, मन शांत करणाऱ्या द्रव्यांकडेही आहे. ती शरीरातच तयार होतात, व्यायामानंतर रक्तात वाढतात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. शिवाय झोप सुधारते, आणि झोप सुधारली की चिडचिड उतरते. ड्यूक विद्यापीठातल्या जेम्स ब्लुमेंथाल यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी अनेकांना सांगते. पन्नाशीच्या पुढच्या, नैराश्य असलेल्या 156 जणांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, एकाला औषध, एकाला दोन्ही. 16 आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळजवळ सारखाच फरक पडलेला होता. सुरुवातीच्या आठवड्यांत औषधाचा गुण लवकर आला होता, हेही लक्षात ठेवा. तुमच्या गोळ्या चालू असतील तर हे वाचून त्या मनाने बंद करू नका. चालायला जा, आणि गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला.

वही

सुरुवात एका छोट्या वहीने करा. बाहेर पडण्याआधी शून्य ते दहामध्ये मूडला एक आकडा द्या. शून्य म्हणजे कोणाशी बोलूच नये असं, दहा म्हणजे मस्त. परत आल्यावर लगेच नाही, घाम सुकल्यावर दहा मिनिटांनी दुसरा आकडा लिहा. बस. वजन, पावलं, कॅलरी यातलं काहीही त्या पानावर नको.

माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्या एक बाई ही वही नेमाने ठेवायच्या. पेन्सिलीने, एका ओळीत तारीख आणि दोन आकडे. एकदा आम्ही दोघींनी मिळून पानं चाळली. चांगल्या दिवशी 7 चे 7, फार तर 8. पण ज्या दिवशी पहिला आकडा 3 होता, तिथे दुसरा 5 किंवा 6. त्या बराच वेळ बोट ठेवून ओळी बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जायची इच्छा नसते त्याच दिवशी जायला पाहिजे." मी हे त्यांना सांगून पटलं नसतं, त्यांच्याच अक्षरातून पटलं. तुमच्याही वहीत असंच दिसेल असं वचन मी देत नाही. दोन आठवडे लिहून बघा.

किती आणि कसं

पहिला आठवडा दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. हे फारच कमी वाटेल आणि वाटायलाच हवं. पुढच्या प्रत्येक आठवड्यात रोजचा वेळ पाच मिनिटांनी वाढवा. पाचव्या आठवड्यात तुम्ही पाच दिवस रोज तीस मिनिटं चालत असाल, म्हणजे आठवड्याला 150 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी मध्यम व्यायाम 150 ते 300 मिनिटं सांगितला आहे. त्याची खालची पायरी तुम्ही गाठलेली असेल. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढून टाका. तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे. त्याहून कमी चालण्याचाही फायदा होतोच.

वेग किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढी एकच कसोटी पुरते. गाता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य मध्येच तुटत असेल तर कमी करा. नव्याने सुरू करणाऱ्यांनी या रेषेच्या पलीकडे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. दम पार तुटेपर्यंत ओढलं की व्यायाम चालू असतानाच मन नकोसं होतं, आणि शरीर ती नावड लक्षात ठेवतं. शेवटची तीन मिनिटं मुद्दाम हळू चाला, कारण शेवट जसा जातो तशीच आठवण उरते.

चालणं नको असेल तर सायकल, पोहणं, नाच, जिने, काहीही चालेल. गुडघे फार दुखत असतील तर पाणी किंवा सायकल बरी.

स्नायूंचं काम आठवड्यातून दोन दिवस हवंच, आणि याबाबत मी हट्टी आहे. जिमची गरज नाही, एक भक्कम, न घसरणारी खुर्ची पुरे. ती भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. आता अंग पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत, आणि टाचांवर जोर देऊन उभे राहा. गुडघे आत वळू देऊ नका. खरा व्यायाम त्यानंतर आहे, खाली बसताना. मनात तीन आकडे मोजत उतरा. जवळजवळ प्रत्येक जण शेवटच्या चार बोटांवर अंग सोडून देतो आणि धपकन बसतो. नेमकं तिथेच मांडीचं काम असतं. खुर्चीचा आवाज येता कामा नये, एवढं लक्षात ठेवलंत तर बाकी आपोआप जमेल. आठ वेळा, मग दोन मिनिटं आराम, पुन्हा आठ. जमत नसेल तर हातांचा आधार घ्या किंवा बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.

त्याला जोडून भिंतीवरचे जोर आणि टाचा उचलणं, प्रत्येकी दहा-दहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. ते चालेल. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज आली तर थांबून दाखवून घ्या.

खाडा पडला तर

पडणारच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेला सवयींचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला कोणाला 18 दिवस लागले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे मला त्यातलं सगळ्यात दिलासा देणारं वाटतं. मी एकच नियम देते: सलग दुसरा दिवस चुकवायचा नाही. अगदीच जमेना तर त्या दिवशी पाच मिनिटं. व्यायामाची वेळ घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. दात घासले की बूट, किंवा कामावरून आलो की बसायच्या आधी बाहेर. आजारपणामुळे मोठा खंड पडला तर सोडलं होतं तिथून सुरू करू नका, दोन आठवडे मागच्या पायरीवर या.

कोणी आधी विचारावं

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, किंवा इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. व्यायामाने साखर खाली जाऊ शकते. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणं, श्रमाच्या मानाने फारच जास्त दम यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. आणि मन दोन आठवड्यांहून जास्त खचलेलं राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर वहीतल्या आकड्यांवर विसंबू नका, तज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी.

दोन महिन्यांनंतर

आता काटा बाहेर काढा, सोबत मोजपट्टीही. कंबर मोजायची जागा म्हणजे सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे. श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता, दर दोन आठवड्यांनी मोजा. वजन मात्र सकाळी, पोट साफ झाल्यावर, आठवड्यातून तीन-चार वेळा करून त्याची सरासरी काढा. पाण्यामुळेच ते रोज किलो-दीड किलो मागेपुढे होतं. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. नव्या व्यायामानंतर काटा थोडा वर दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कंबर कमी झाली आणि वजन तेवढंच असेल, तर काहीही बदलू नका. दोन्ही जागचे हलले नसतील तर आधी ताटाकडे बघा. चालून आल्यावर 'आज कमावलंय' म्हणून जास्त वाढून घेतलं जातंय का? घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी खाऊन भरून काढू नका. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली मनगटावरची सात उपकरणं तपासली, तेव्हा कॅलरीच्या बाबतीत त्यातलं सर्वांत बरं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकत होतं. वाढून घेण्याचं प्रमाण थोडं कमी करा आणि झोप पुरती होते का ते पाहा. मग रोजचा वेळ हळूहळू पंचेचाळीस मिनिटांपर्यंत न्या. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम, पाव किलो उतरलं तरी बरोबर चाललंय. मूडची वही तेव्हाही बंद करू नका, काटा अडून बसतो त्या आठवड्यांत तिचीच गरज लागते.