मचूळ विहिरीवर हिरवळ कशी धरावी

गुहागरच्या पट्ट्यात समुद्राकाठी घरगुती होमस्टे चालवणारी मंडळी मला विचारतात, "लॉनला पाणी किती लागेल?" मी आधी विचारतो, पावसाचं पाणी जाणार कुठे? दुबईतल्या एका गोल्फ कोर्सवर मी ग्राउंड स्टाफमध्ये होतो. तिथे पाऊस नावापुरता, तरी गवताखाली निचऱ्याचे पाइप पुरलेले असतात. कारण मीठ. शिंपलेलं पाणी ऊन उडवून नेतं, त्यातलं मीठ मुळाशी साठत जातं, आणि ते खाली धुऊन काढायला वाट लागते. आपल्याकडे ही वाट दोन कारणांनी हवी. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो, आणि एप्रिल लागला की किनाऱ्याच्या विहिरी मचूळ होतात.

आधी जागा लहान करा. आखातात पूर्वी गोल्फ वाळूवरच खेळत. तेल मिसळून दाबलेल्या वाळूच्या 'ब्राउन्स'वर चेंडू ढकलायचा, आणि फटका मारायला गवती चटईचा तुकडा सोबत बाळगायचा. १९८८ साली दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाला आणि त्या भागात पूर्ण गवताचा कोर्स पहिल्यांदा आला. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटी कोर्सवर तर चेंडू जिथे पडावा तेवढंच गवत ठेवतात, बाकी निवडुंग नि खडी. मला ही रीत फार पटते. अर्धा गुंठा हिरवळ पुष्कळ झाली. उरलेल्या जागेत पुळण तशीच राहू द्या, मर्यादवेल पसरू द्या, कुंपणाला केवडा लावा. केवडा खारा वारा अडवतो, आणि दोन्ही झाडं पाणी मागत नाहीत.

खालची तयारी मार्च-एप्रिलमध्ये उरका. जागेला एका बाजूला उतार द्या, दहा मीटरला वीस सेंटिमीटर. खाली कातळ असेल तर उताराच्या टोकाला चर खणून त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप टाका आणि तो गडग्याबाहेर काढा. पाइपाभोवती काळ्या दगडाची बारीक खडी भरा. जांभ्याची नको, ती झिजते आणि तिची माती पाइपात बसते. साध्या हिरवळीला वर पंधरा सेंटिमीटर वाळूचा थर पुरतो. पटिंग ग्रीनच, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायची गुळगुळीत हिरवळ, हवं असेल तर अमेरिकन गोल्फ संघटनेची पद्धत धरा, दहा सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर तीस सेंटिमीटर वाळू. वाळू परवान्याची नदीची किंवा धुतलेली क्रश सँड घ्या. किनाऱ्यावरची उचलायला सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, बंदी आहे, आणि तिच्यात मीठही असतं. कुजलेलं शेणखत चाळून वरच्या थरात मिसळा. कडेने चिरे लावून झावळ्या अंथरा आणि पावसाळाभर जागा तशीच सोडा. वाळू बसते, मीठ वाहून जातं. एवढा धीर बहुतेकांना नसतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

गवत निवडण्यापूर्वी मे महिन्यातलं विहिरीचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने, मोजा. ऑगस्टचा आकडा उपयोगाचा नाही. आकडा दोन हजार पीपीएमच्या आत असेल तर बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. तिची टिफवे ४१९ ही संकरित जात गोल्फवाले फार वापरतात. तिला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. पाणी त्याहून खारट असेल तर पॅस्पॅलम लावा. ते मुळात समुद्रकाठचंच गवत, म्हणून आखातातल्या नव्या कोर्सवर त्याला मागणी आहे.

लावणी गणपती झाल्यावर करा. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन गवताला झपाट्याने पसरवतं. कांड्या वीतभर अंतरावर, अर्ध्या वाळूत दाबून. पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा हलकं शिंपण.

गवत धरलं की रोजचं शिंपण बंद करा. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याला रोजचं एक पिंप. पण ते एक दिवसाआड दुप्पट द्या, पहाटे. मुळं खोल जातात. दर पंधरवड्याला एकदा त्याच्याही दुप्पट पाणी सोडा. मीठ खाली जायला हेच लागतं, आणि त्या दिवशी पाइपाच्या तोंडातून पाणी येतंय का ते बघा. येत नसेल तर आधी पाइप साफ करा, शिंपण नंतर.

कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. घरच्या हिरवळीला दोन-अडीच सेंटिमीटर उंची ठीक. ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात, त्याला रील मोवर (फिरत्या पात्यांचं, कात्रीसारखं कापणारं यंत्र) आणि जवळपास रोजचा माणूस लागतो. तो नसेल तर मुलांना पटिंगसाठी चोपणीने धोपटून शेणाने सारवलेलं खळं द्या. चेंडू त्यावर झकास सरकतो. ब्राउन्ससारखं तेल मात्र ओतू नका, विहीर जवळ असते.

पहिल्या वळवाच्या सरीनंतर संध्याकाळी भुंगेरे झाडांवर जमतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. राहिले तर त्यांची अळी, म्हणजे हुमणी, पावसाळ्यात मुळं खाते, आणि गवत चटईसारखं हातात उचलून येतं.