कम्प्युटरवरचं सोवळं-ओवळं

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांचे कम्प्युटर ताळ्यावर आणते. आधी अकरा वर्षं टायपिंग आणि टॅली शिकवलं. आता गिऱ्हाइकं बहुतेक साठीच्या पुढची आहेत. मुलं बाहेरगावी, घरात एक डेस्कटॉप आणि त्यावर बँक, वीजबिल, नातवंडांचे फोटो, सगळं एकत्र.

पाचपाखाडीच्या एका काकांच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट यायची: 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत.' त्यांनी घाबरून दोन वेळा पैसे भरून 'क्लीनर' घेतले होते. व्हायरस एकही नव्हता. जुनी नाट्यगीतं शोधताना एका साइटने 'नोटिफिकेशन दाखवू का?' असं विचारलं होतं आणि काकांनी सज्जनपणे 'अलाउ' दाबलं होतं. चौकटी विंडोजच्या वाटायच्या, पण पाठवत होती ती साइट.

म्हणून माझी पद्धत अशी की आधी काढायचं, मग घालायचं. झाडू मारल्याशिवाय रांगोळी काढत नाहीत.

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या उडवा, आणि वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडा. काकांच्या यादीत एकोणीस नावं निघाली. चौकटी तिथेच थांबल्या.

मग एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम. पीडीएफ करून देणारं, कूपन शोधणारं, हवामान सांगणारं, असं काहीबाही चिकटलेलं असतं. बसवताना ते बऱ्याचदा 'सर्व साइटवरचा मजकूर वाचण्याची व बदलण्याची' परवानगी मागतं, तिचा अर्थ शब्दशः घ्या. बँकेचं पान उघडलं तर तेही त्याला वाचता येतं. कोणी बसवलं ते आठवत नसेल तर काढा. गरज पडली तर पुन्हा मिळतं.

विंडोजचंही बघून घ्या. विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. तो कम्प्युटर चालतो, पण अपडेटची मुदतवाढ वेगळी घेतली नसेल तर नवी भोकं बुजवली जात नाहीत. विंडोज ११ बसत असेल तर बसवा, नसेल तर निदान पैशांचे व्यवहार त्यावर नकोत.

आता माझं सोवळं-ओवळं. घरात मी यातलं काही पाळत नाही, कम्प्युटरवर मात्र कडक पाळते. दोन ब्राउझर ठेवायचे. हिंडायला फायरफॉक्स आणि पैशांना एज. एज विंडोजबरोबर आलेलाच असतो, वेगळा आणावा लागत नाही. त्यात एकही एक्स्टेंशन नको. नोटिफिकेशन बंद, आणि ब्राउझर बंद करताना कुकीज (तुम्हाला ओळखायला साइटने कम्प्युटरवर ठेवलेल्या चिठ्ठ्या) आपोआप पुसल्या जातील असं प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये करून ठेवा. बुकमार्क चारपाचच: बँक, वीजबिल, मालमत्ता कर, आयकर. त्यापलीकडे एजमध्ये काही टाइप करायचं नाही. बातमीसुद्धा वाचायची नाही.

बँकेचा पत्ता पहिल्यांदा टाकताना शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. ही शेपटी फक्त बँकांना मिळते, भामट्याला विकत घेता येत नाही. 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी' हे मात्र डोक्यातून काढा. कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे चोर बसलेला असला तर तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचतं. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

डीफॉल्ट ब्राउझर फायरफॉक्स करायचा. ईमेलमधली कुठलीही लिंक मग ओवळ्यात उघडते. 'तुमचं खातं बंद होणार, इथे लॉगिन करा' म्हणणारं पान फायरफॉक्समध्ये आलं की हात थबकतो, कारण बँक तिथे कधी उघडलेलीच नसते. ही एक सवय लागली तरी माझी फी वसूल.

फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट' करा. गोखले रोडवर तुम्ही चपला बघितल्या, मग साडी, मग औषधं घेतली, आणि एकच माणूस वही घेऊन प्रत्येक दुकानात तुमच्या मागे उभा होता, असं समजा. दुसऱ्या कंपनीची कुकी हेच करते. फायरफॉक्स प्रत्येक साइटला वेगळी बरणी देतो, एका बरणीतला चमचा दुसरीत जात नाही. कधीतरी एखादी साइट यामुळे अडते, तेव्हा पत्त्याच्या डावीकडच्या ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरती सूट द्या. सगळं सेटिंग खाली आणू नका.

त्याच पानावर 'एचटीटीपीएस ओन्ली', म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशाच जोडणीने साइट उघडणं, सगळ्या खिडक्यांसाठी चालू करा. नोटिफिकेशनच्या नव्या विनंत्या ब्लॉक करण्याची टिकही तिथेच आहे.

'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' हे नाव ऐकून लोक दचकतात. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत तुम्ही 'वसंत विहार!' असं ओरडलात तर अख्ख्या रांगेला कळतं. साइटचा पत्ता विचारताना ब्राउझर एरवी असाच ओरडतो. हे सेटिंग लावलं की तो कानात सांगतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठे उतरलात याचा थोडा अंदाज तरीही येतोच. 'इन्क्रीज्ड प्रोटेक्शन' निवडा आणि पुढे चला.

एक्स्टेंशन एकच घालायचं: जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. नावात 'ओरिजिन' आहे ना, बनवणारा रेमंड हिल आहे ना, बघून घ्या, मिळत्याजुळत्या नावाची इतरही आहेत. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यामुळे तिथे आता याची 'लाइट' आवृत्तीच चालते, फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. हिंडायला फायरफॉक्स का, याचं अर्धं उत्तर हेच.

मी हे घालते ते जाहिराती त्रास देतात म्हणून नव्हे. मी स्वतः एकदा फसले आहे. पार्सल अडकलं होतं, कुरिअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन केला. ती जाहिरात होती, नंबर भामट्याचा. 'पत्ता बदलायचे पाच रुपये' भरायला लावून त्याने दोन हजार काढले. लोकांना शिकवणारी बाई मी! लगेच १९३० ला फोन केला, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. आता तो प्रत्येक घरी मॉनिटरच्या कडेला चिकटवते. ब्लॉकर असता तर ती जाहिरात मला दिसलीच नसती.

प्रायव्हेट खिडकीबद्दल सगळे विचारतात. ती बंद केली की त्या कम्प्युटरवर हिस्टरी आणि कुकीज राहत नाहीत, एवढंच. बायकोच्या वाढदिवसाची साडी शोधायला उत्तम. ऑफिसपासून किंवा इंटरनेट कंपनीपासून ती काही लपवत नाही. फुकटचा व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट आपल्या कम्प्युटरमधून फिरवून नेणारी सेवा, मी कोणाला घालून देत नाही. इंटरनेट कंपनीपासून लपवलेलं सगळं त्या व्हीपीएनवाल्याच्या हातात जातं, आणि तो फुकट का राबतोय हे त्यालाच ठाऊक.

पासवर्डचं माझं मत तरुण मुलांना पटत नाही. पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन चांगलं आहे, मी वापरते. पण सत्तरीच्या माणसाने कपाटात कुलपाखाली डायरी ठेवली तर मी हरकत घेत नाही. रशियातला हॅकर पाचपाखाडीचं कपाट उघडायला येत नाही. पासवर्ड प्रत्येक जागी वेगळा हवा आणि बँकेचा ब्राउझरमध्ये साठवायचा नाही, एवढं पाळा.

शेवटी डेस्कटॉपवर एजच्या चिन्हावर राइट क्लिक करून नाव बदला. मी 'फक्त बँक' लिहून दिलं होतं. पुढच्या खेपेला गेले तर काकांनी ते खोडून 'सोवळं' केलेलं. काकू त्यात थालीपीठाची रेसिपी उघडून बसल्या होत्या आणि काका स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत होते.

महिन्यातून एकदा दोन याद्या बघा, नोटिफिकेशनची आणि एक्स्टेंशनची. पाच मिनिटं लागतात. काकांच्या यादीत परवा एकच नवं नाव होतं, पंचांगाच्या साइटचं. ते काढायला त्यांनी मला बोलावलं नाही, फोनवरूनच वाचून दाखवलं आणि फोन चालू असतानाच उडवलं.